खुनी कोण ते सांगायचं नाही: वाचनालयात रहस्यकथांचा वाचनगट कसा चालवावा

रहस्यकथांचा वाचनगट बहुतेक वेळा एका वाक्याने मोडतो. चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतं, "मला तर त्या माळ्यावर पहिल्यापासूनच संशय होता," आणि ज्यांची अजून साठ पानं राहिली आहेत त्यांचा महिना फुकट जातो. एरवीच्या कादंबरीवर बोलताना अर्धवट वाचून आलेला माणूस खपून जातो, कधीकधी त्याच्या प्रश्नांनीच चर्चा रंगते. रहस्यकथेचं तसं नाही. दोघांनी वेगवेगळ्या पानांपर्यंत वाचलं असेल, तर एकाने बोलावं तर दुसऱ्याची मजा जाते आणि गप्प बसावं तर जमलो कशाला हा प्रश्न पडतो.

म्हणून या गटात पुस्तक कोणतं घ्यायचं हा प्रश्न दुसरा. आधी ठरवायचं ते हे, की सगळ्यांनी कुठे थांबायचं.

आधी कपाट नीट लावा

मराठी वाचनालयांत "रहस्य" एवढ्या एका शब्दाखाली वेगवेगळ्या जातींची पुस्तकं शेजारी शेजारी उभी असतात. नारायण धारपांची भयकथा, रत्नाकर मतकरींची गूढकथा, बाबुराव अर्नाळकरांची झुंजार-काळापहाडची साहसं आणि अगाथा ख्रिस्तीचा अनुवाद. ग्रंथालयाच्या वर्गीकरणाचाही इथे उपयोग नाही. दशांश पद्धतीत मराठी कथा-कादंबरी 891.463 या अंकाखाली जाते, मग आत भूत असो की फौजदार.

गटासाठी मात्र हा फरक कळीचा आहे. कोडं असलेली कथा, म्हणजे गुन्हा, संशयित, सुगावे आणि शेवटी उलगडा असा ज्याचा सांगाडा आहे, ती अंदाज बांधायला योग्य. गूढकथेत शेवटी प्रश्न उरतो, तो उरावा म्हणूनच ती लिहिलेली असते. तिथे "कोणी केलं?" असा प्रश्न टाकून सभासदांकडून अंदाजाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या की लोक हिरमुसतात आणि दोष लेखकाला देतात. हेरकथा आणि साहसकथेत वेग महत्त्वाचा असतो. नायक वेश बदलून निसटला की झालं, तो कसा निसटला याचे सुगावे मागच्या पानांत शोधायला जाऊ नये. चौथी जात उलट्या रहस्यकथेची. यात गुन्हा कोणी केला ते सुरुवातीलाच कळतं आणि पकडला कसा जाणार हे कोडं असतं. ती घ्यायची असेल तर चिठ्ठीवरचा प्रश्न बदलावा लागतो.

ग्रंथपालांशी बोलून चार रंगांच्या छोट्या टिकल्या पुस्तकांच्या कण्यावर लावून घ्या. दाखल क्रमांकावर चिकटवू नका, नाहीतर देवघेवीच्या टेबलावर रोज बोलणी खावी लागतील.

माणसं, प्रती आणि दिवस

गट 8 ते 12 जणांचा असावा. 6 पेक्षा कमी असले की सगळ्यांचा संशय दुसऱ्या बैठकीतच एका माणसावर येऊन बसतो आणि वाद होत नाही. 15 च्या वर गेले की चार जण बोलतात, बाकीचे ऐकतात.

खरी अडचण प्रतींची. वाचनालयाकडे एका पुस्तकाच्या फार तर दोन-तीन प्रती असतात. हिशेब साधा आहे. मध्यम आकाराची रहस्यकादंबरी साधारण 60 हजार शब्दांची. मिनिटाला 200 शब्द धरले तर 300 मिनिटं, म्हणजे पाच तास. रोज पाऊण तास वाचणाऱ्याला एक आठवडा पुरतो. 3 प्रती आणि 4 आठवडे म्हणजे 12 पाळ्या, गट बसतो. पण पहिल्या आठवड्यात वाचलेल्याला चौथ्या आठवड्यात संशयितांची नावंसुद्धा आठवत नाहीत. यावर उपाय दोन. पहिल्या पाळीत वाचणाऱ्यांनी पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर पात्रांची नावं, नाती आणि पान क्रमांकासह पाच टिपणं लिहून ठेवायची. दुसरा उपाय जास्त सोपा आहे: पहिले तीन महिने कादंबरी घ्यायचीच नाही, कथा घ्यायच्या. 25 पानांची कथा दोन दिवसांत हातावेगळी होते.

झेरॉक्स काढून वाटायचा मोह सगळ्यांनाच होतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं प्रताधिकार असतो. आर्थर कॉनन डॉयल 1930 मध्ये गेले, त्यामुळे शेरलॉक होम्सच्या मूळ इंग्रजी कथा मोकळ्या आहेत. ख्रिस्ती 1976 मध्ये गेली, तिची पुस्तकं 2036 संपेपर्यंत मोकळी होत नाहीत. ब्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय 1970 मध्ये गेले, तिथेही 2030 संपेपर्यंत थांबायला हवं. नवीन माणूस चुकतो तो पुढच्या मुद्द्यावर: मूळ कथा मोकळी झाली म्हणून तिचा मराठी अनुवाद मोकळा होत नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो.

जादा प्रती हव्या असतील तर गटातच पुस्तक भिशी सुरू करा. 12 जणांनी महिन्याला 100 रुपये काढले तर 1200 रुपयांत त्या महिन्याच्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती येतात. वाचून झाल्यावर एक वाचनालयाला द्यायची, बाकीच्या चिठ्ठी टाकून सभासदांना. परदेशातल्या मराठी मंडळींना नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या "ग्रंथ तुमच्या दारी" या योजनेच्या पेट्या माहीत असतील. पेटीत प्रत्येक पुस्तक वेगळं असतं, म्हणून एकाच पुस्तकाच्या गटाला ती थेट उपयोगी नाही. पण पुढचं पुस्तक निवडायला चांगली.

कुठून सुरुवात करावी

पहिल्या बैठकीसाठी होम्सची कथा घ्या, कादंबरी नको. होम्सच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्या आहेत, आणि पहिली कादंबरी 1887 ची असली तरी सुरुवात तिथून करू नये. तिच्यात उत्तरार्धात गोष्ट मध्येच अमेरिकेत जाते आणि नवखा वाचक गोंधळतो. 1891-92 मधल्या पहिल्या बारा कथांपैकी कोणतीही चालेल. मराठीत भालबा केळकरांचे होम्स अनुवाद बऱ्याच जुन्या वाचनालयांत सापडतात.

दुसऱ्या महिन्यात भारतात या. सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात उपलब्ध आहे. या कथांची सुरुवात "संदेश" या मुलांच्या मासिकात झाली, म्हणून रक्तपात जवळजवळ नाही. आजोबा आणि नातवंडं एकाच गटात असतील तर याहून सोयीचं काही नाही. त्यातली एक कथा थेट वेरूळच्या कैलास लेण्यात घडते आणि एक मुंबईत. मराठी गटाने या दोन आधी घ्याव्यात, कारण वाचकाला जागा ठाऊक असली की त्याचं लक्ष आपोआप बारकाव्यांकडे जातं.

ब्योमकेश बक्षी त्याच्यानंतर. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, "सत्यान्वेषी" म्हणवतो. याच नावाच्या 1932 च्या कथेत त्याची आणि निवेदक अजितची गाठ पडते, म्हणून ती पहिली वाचावी. फेलूदा कोणत्याही क्रमाने चालतो, ब्योमकेश नाही. त्याचं लग्न होतं, घर होतं, वय वाढतं. चाळिशीच्या पुढच्या सभासदांनी रजित कपूरची दूरदर्शन मालिका पाहिलेली असते, तेव्हा कथा नक्की करण्याआधी "ही आठवते का?" एवढं विचारून घ्या.

मग ख्रिस्ती. मधुकर तोरडमलांनी तिच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत. गटासाठी तिची पहिली घ्यायची ती 1934 ची ओरिएंट एक्सप्रेसची गोष्ट असं बहुतेक जण सुचवतात. ती नको. चित्रपटांमुळे निम्म्या लोकांना शेवट ठाऊक असतो. 1939 ची बेटावरच्या दहा माणसांची कादंबरी, "अँड देन देअर वेअर नन", जास्त चांगली. मात्र 1965 चा "गुमनाम" तिच्यावरूनच बेतलेला आहे, हे लक्षात ठेवा. 1926 ची "द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड" अजिबात पहिली घेऊ नका. का, ते सांगता येणार नाही. वाचकाने आधी तीन-चार साध्या रहस्यकथा पचवलेल्या असल्या तरच तिचा खरा आनंद मिळतो, एवढं सांगता येतं.

मराठी लेखकांकडे वळायचं तर सुहास शिरवळकर हा गटासाठी उत्तम पर्याय. त्यांचे बॅरिस्टर अमर विश्वास आणि फिरोज इराणी हे दोन नायक शेजारी ठेवून वाचले तर एकच लेखक दोन सूर कसे लावतो ते दिसतं. अर्नाळकर आणि गोव्याचे गुरुनाथ नाईक या दोघांनी हजाराच्या घरात रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचताना इंग्रजी कोड्यांचा मापदंड बाजूला ठेवावा. ब्रिटिश लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले होते: गुन्हेगाराची ओळख कथेत लवकर झालेली असावी, सुगावे वाचकापासून लपवू नयेत, गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको. हे नियम ख्रिस्तीच्या कादंबरीला लावून पाहायला मजा येते. झुंजारला लावले तर झुंजारचं काहीच बिघडत नाही, मापणाऱ्याचा विरस होतो.

सहा महिन्यांनी जपानकडे जा. सेइचो मात्सुमोतो यांची रेल्वेच्या वेळापत्रकावर उभी असलेली 1958 ची कादंबरी 8.12 ची लोकल पकडणाऱ्यांना लगेच आपली वाटेल. ती इंग्रजीत आधी "पॉइंट्स अँड लाइन्स" या नावाने होती, 2022 पासून "टोकियो एक्सप्रेस" नावानेही मिळते. केइगो हिगाशिनो यांची "द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स" ही उलट्या जातीची. पण 2023 चा "जाने जाँ" हा हिंदी चित्रपट तिच्यावरून आहे, तेव्हा तो पाहिलेल्यांची मोजणी आधी करा. गटातल्या तिघांहून जास्त जणांनी पाहिला असेल तर पुस्तक बदला.

थांबा कसा ठरवायचा

थांबा म्हणजे ती जागा, जिथे सगळे सुगावे वाचकाच्या हाती आले आहेत पण नाव अजून आलेलं नाही. गट चालवणाऱ्याने पुस्तक आधी पूर्ण वाचायचं आणि मग उलटं यायचं: शेवटच्या पानापासून मागे सरकत गुन्हेगाराचं नाव पहिल्यांदा कुठे उघड होतं ते शोधायचं. त्या जागेच्या आधीचं प्रकरण जिथे संपतं, तो थांबा.

"पुस्तकाचा ऐंशी टक्के भाग झाला की थांबू" हा सोपा वाटणारा नियम घात करतो. होम्सच्या "द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स" या कादंबरीत 15 प्रकरणं आहेत. ऐंशी टक्के म्हणजे बारावं. आणि नाव बाराव्याच प्रकरणात फुटतं, शेवटच्या तीन प्रकरणांत फक्त त्याला जाळ्यात कसं ओढायचं ते उरतं. थांबा अकराव्याच्या शेवटी हवा. ते प्रकरण संपतंही अशा ठिकाणी, की तिथे पुस्तक मिटायला मनाचा हिय्या करावा लागतो. ही कादंबरी ऑगस्ट 1901 ते एप्रिल 1902 अशी नऊ महिने "स्ट्रँड" मासिकात हप्त्याहप्त्याने आली होती. थांबून वाट पाहायची जागा तिच्या बांधणीतच आहे, म्हणून पहिली कादंबरी हीच घ्यावी असा आमचा आग्रह.

मराठी अनुवाद घेतलात तर आधी प्रकरणं मोजा. 15 नसतील तर तो संक्षिप्त आहे, आणि संक्षेप करणारा सगळ्यात आधी कापतो ते सुगावे, कारण गोष्ट पुढे न्यायला त्यांचा उपयोग दिसत नाही. तपासायला एक खूण पुरे. चौथ्या-पाचव्या प्रकरणात हॉटेलातून सर हेन्रीचा एक बूट चोरीला जातो. नवा, तपकिरी, एकही दिवस न घातलेला. मग जुना काळा बूट नाहीसा होतो आणि नवा परत मिळतो. तुमच्या प्रतीत हे दोन बूट वेगवेगळे नसतील, नुसतंच "बूट चोरीला गेला" असं असेल, तर ती प्रत गटासाठी बाद. दोन बुटांचं एवढं काय, हे इथे सांगितलं तर शीर्षक खोटं पडेल.

छोट्या कथांमध्ये थांबा प्रकरणाच्या शेवटी मिळत नाही, परिच्छेदात मिळतो. त्याच्या खुणा ठरलेल्या असतात. तपास करणारा तार पाठवतो आणि मजकूर सांगत नाही. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो. किंवा निवेदकाला म्हणतो, "सगळं तुझ्याही डोळ्यांसमोरच होतं." त्या ओळीच्या आधी थांबा.

आता तो पाळायचा कसा. "पुढे वाचू नका" असं नुसतं सांगून भागत नाही, हात आपोआप पान उलटतो. थांब्यानंतरच्या पानांना कागदी पट्टा घाला. ब्राउन पेपरची 5 सेंटीमीटर रुंद पट्टी घ्यायची, बंद करायच्या पानांभोवती फिरवून पाहायची, 2 सेंटीमीटर जास्त ठेवून कापायची आणि तिचं टोक तिच्यावरच चिकटवायचं. पुस्तकाला डिंक लागता कामा नये. रबर लावलं तर उकाड्याने विरघळून पानांच्या कडांना चिकटतं. स्टेपलरची पिन कोकणात एका पावसाळ्यात गंजते आणि भोवती तांबूस डाग सोडते. कागदाचा पट्टा फाडावा लागतो हाच त्याचा गुण: फाडलेला दिसतो.

ई-पुस्तकात पान क्रमांक अक्षरांच्या आकाराप्रमाणे बदलतात, म्हणून थांबा सांगताना प्रकरणाचा क्रमांक आणि शेवटचे तीन-चार शब्द द्या. स्टोरीटेलसारख्या ऑडिओ पुस्तकांच्या ॲपवर ऐकणाऱ्यांनाही प्रकरण हीच खूण, फक्त पुढचं प्रकरण आपोआप सुरू होतं हे त्यांना आधीच बजावा. अंघोळीला जाताना फोन चालू राहिला आणि खुनी कळला, हा अपघात काल्पनिक नाही.

प्रस्तावना वाचायची नाही, हे वेगळं सांगावं लागतं. जुन्या गाजलेल्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत अभ्यासकांची प्रस्तावना असते आणि वाचकाला शेवट माहीतच आहे असं धरून ती लिहिलेली असते. मलपृष्ठावरचा मजकूरही कधीकधी निम्म्या पुस्तकापर्यंत जाऊन येतो. दोन्हींवर कागद लावा.

दोन बैठका, एक पाकीट

एका पुस्तकाला दोन बैठका लागतात. पहिली थांब्यावर, दुसरी उलगड्यानंतर आठवड्याभराने. मध्ये महिना घालवू नका, कारण पट्टा फार दिवस टिकत नाही आणि टिकला तरी माणसं टिकत नाहीत.

पहिली बैठक दीड तासाची. सुरुवातीची वीस मिनिटं पहिल्या तीन-चार प्रकरणांवरच बोला, म्हणजे मागे राहिलेल्यांनाही बसता येतं. नंतर कोण थांब्यापर्यंत पोहोचलेलं नाही ते विचारून घ्या आणि त्यांना तेवढा वेळ वाचायला शेजारची खोली द्या. ही शिक्षा वाटू नये म्हणून चहा तिकडेच आधी पाठवा. मग फळ्यावर तक्ता: संशयित, त्याचं कारण, गुन्ह्याच्या वेळी तो कुठे होता, हे त्याच्याशिवाय दुसरं कोण सांगतं. चौथा रकाना नवखे गट गाळतात आणि तिथेच फसतात. रहस्यकथेत "मी झोपलो होतो" हे फक्त झोपणाराच सांगत असेल, तर तो रकाना रिकामा आहे असं समजायचं.

शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची. चार ओळी: कोण, का, कसं, आणि कोणत्या पानावरून. सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून, पाकीट बंद करून ग्रंथपालांकडे ठेवा. गुण द्यायचे असतील तर नावाला 1, कारणाला 1 आणि पानासह पुराव्याला 3. असं का? कारण "सगळ्यात सज्जन दिसतो तोच" या नियमाने निम्म्या वेळा नाव बरोबर येतं. ते वाचन नव्हे, मटका आहे. ज्याने चुकीच्या माणसावर बोट ठेवलं पण लेखकाने मुद्दाम पेरलेला चकवा नेमका ओळखला, तो जास्त चांगला वाचक.

दुसऱ्या बैठकीत पाकीट फोडा, पण चिठ्ठ्यांवर वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. त्यानंतरचा प्रश्न एकच: लेखकाने फसवलं की आपण फसलो? सुगावा खरोखर पानावर होता का, आणि असेल तर तो कशाच्या आड दडवला होता? बऱ्याचदा तो एखाद्या विनोदात किंवा सामानाच्या लांबलचक यादीत सापडतो. ते पान मोठ्याने वाचून दाखवा. तेवढ्यासाठी ही बैठक.

व्हॉट्सॲपबद्दल एकच सूचना. दोन गट करा, "थांब्याआधी" आणि "उलगड्यानंतर". पुस्तक वाचून संपल्याशिवाय दुसऱ्यात कुणाला घ्यायचं नाही. पहिल्या गटात प्रत्येक निरोपाची सुरुवात प्रकरणाच्या क्रमांकाने करायची, कारण फोन टेबलावर उपडा ठेवलेला नसला तर निरोपाची पहिली ओळ पडद्यावर झळकतेच.

शिफारशीची पाटी

वाचनालयाच्या दर्शनी फलकावर महिन्याला दोन पुस्तकांच्या शिफारशी लावा, प्रत्येकी 50-60 शब्दांच्या. पुस्तकाच्या पहिल्या पंचमांशात जे घडतं तेवढंच सांगायचं, ही मर्यादा. काळ, जागा, तपास कोण करतो, पानं किती, मालिकेतलं असेल तर आधीचं वाचायला हवं का, हिंसा किती. लहान मुलांवरचा अत्याचार किंवा लैंगिक हिंसा असेल तर ते स्पष्ट लिहा, त्याने रहस्य फुटत नाही.

नमुना असा:

"1939. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचं एक बेट. एकमेकांना न ओळखणारी दहा माणसं निमंत्रणावरून येतात, पण यजमानाचा पत्ता नाही. जेवणानंतर ग्रामोफोन वाजू लागतो आणि प्रत्येकावर एकेका खुनाचा आरोप ठेवतो. पोलीस नाही, नेहमीचा गुप्तहेर नाही, होडी नाही. ख्रिस्तीची स्वतंत्र कादंबरी, आधीचं काही वाचायला नको. मृत्यू बरेच, वर्णनं संयमित. रात्री एकट्याने वाचायची असेल तर शनिवारी घ्या."

"शेवटी जबरदस्त धक्का बसतो" हे वाक्य कधीही लिहू नका. ते वाचलेला माणूस पहिल्या पानापासून सगळ्यात निरुपद्रवी पात्राच्या मागे लागतो. "खुनी कोण ते तुम्ही ओळखूच शकणार नाही" हेही त्याच जातीचं. धक्का आहे ही बातमीसुद्धा रहस्याचाच भाग असते.

नव्या पुस्तकांची खबर

रहस्यकथांच्या बातम्यांना ऋतू असतात. एडगर ॲलन पो यांच्या नावाचे अमेरिकन पुरस्कार 1946 पासून दिले जातात. त्यांची नामांकनं पो यांच्या जन्मदिवसाच्या आसपास, म्हणजे 19 जानेवारीच्या सुमारास येतात आणि निकाल वसंतात. ब्रिटनच्या गुन्हेकथा-लेखक संघटनेचे "डॅगर" उन्हाळ्यात. त्यात अनुवादित पुस्तकांसाठी वेगळा डॅगर आहे, आणि आपल्यासाठी तोच जास्त कामाचा, कारण इंग्रजीबाहेरच्या लेखकांची ओळख तिथून होते. एडगरच्या यादीत सर्वोत्कृष्ट कादंबरीपेक्षा "पहिली कादंबरी" हा विभाग आधी पाहा. गाजलेल्या लेखकाचं पुस्तक हमखास मालिकेतलं नववं-दहावं निघतं आणि गटाला मागची आठ वाचायला वेळ नसतो.

मराठीत हा मोसम दिवाळीचा. "धनंजय" आणि "नवल" हे दिवाळी अंक रहस्य, गूढ आणि अद्भुत कथांसाठीच ओळखले जातात. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत हे दोन अंक आहेत ना, हे सप्टेंबरातच विचारा. नंतर ते फिरतीवर जातात आणि हाती येईपर्यंत मार्च उजाडतो.

"नवीन" हा शब्द इथे जपून वापरावा. सस्पेक्ट एक्सची कादंबरी जपानीत 2005 ची, इंग्रजीत 2011 ची. सेइशी योकोमिझो यांची होनजिन वाड्यातल्या खुनांची 1946 ची कादंबरी इंग्रजीत यायला 2019 उजाडलं. तेव्हा बातमी देताना दोन्ही वर्षं द्या. मराठी पुस्तकांत मुखपृष्ठ बदललेलं पुनर्मुद्रण नवीन म्हणून खपतं. ते घेण्याआधी श्रेयनामावलीचं पान उघडून "प्रथमावृत्ती" शेजारची तारीख बघा.

एकाच पुस्तकाच्या दोन नावांनीही पैसे वाया जातात. ख्रिस्तीची "4.50 फ्रॉम पॅडिंग्टन" अमेरिकेत "व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ" झाली, "लॉर्ड एजवेअर डाइज" तिकडे "थर्टीन ॲट डिनर" झाली. बेटावरच्या कादंबरीचं मूळ ब्रिटिश नाव वर्णद्वेषी असल्याने पुढे बदलावं लागलं, आणि मधल्या काळातल्या काही प्रतींवर तिसरंच नाव आहे. यादीत नाव शोधू नका, श्रेयनामावलीच्या पानावर मूळ प्रकाशनाचं वर्ष शोधा.

प्रत हातात आल्यावर

जुनी पॉकेट बुकं स्वस्त कागदावर छापलेली असतात आणि त्यांचं आयुष्य मागून संपत येतं. शेवटचं पान आधी सैल होतं, मग गळतं. देवघेवीच्या टेबलावरच तीन गोष्टी तपासा. शेवटचा पान क्रमांक अनुक्रमणिकेशी किंवा दुसऱ्या प्रतीशी जुळतो का. मध्ये सोळा पानांची उडी आहे का, कारण फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेला सोळा पानांचा जुडगा, निसटला तर पानं एकेकटी नाही, गठ्ठ्यानेच जातात. आणि तिसरी, पात्रपरिचयाचं किंवा पहिल्या प्रकरणाचं पान उजेडात तिरकं धरून पाहा. जुन्या वाचकांपैकी एखाद्याने तिथे शिसपेन्सिलीने एका नावाखाली रेघ मारून "हाच" असं लिहिलेलं असतं. मऊ खोडरबराने एकाच दिशेने पुसा. खळगा उरला तर त्यावर चिकट टेप लावू नका, ती पिवळी पडून तेच नाव जास्त उठून दिसतं. त्यापेक्षा त्याच रंगाच्या पातळ कागदाची पट्टी फक्त वरच्या कडेला गव्हाच्या खळीचा बारीक ठिपका देऊन बसवा, आणि पुस्तक तासभर वजनाखाली ठेवा.